मर्टीची राखण

३ ऑगस्ट १८७७, शुक्रवार

आला एकदाचा चित्रकार! आणि काय ते सामान — पाठीवर लाकडी पेटी, काखेत कापडाची गुंडाळी, हातात छत्री. छत्री एवढी मोठी की खाली गाय वासरासकट उभी राहील. माणूस मात्र काटकुळा. नाव बॅगनल. डब्लिनचा. हवेलीतल्या बाईसाहेबांनी पाठवलाय. जुन्या चर्चचं छप्पर उतरवायच्या आत त्याचं चित्र करून हवंय त्यांना. चर्चला सगळ्यांत जवळचं घर माझं, म्हणून मुक्काम माझ्याकडे.

बटाटे तीनदा मागून घेतले. ताकही प्याला. मर्टीच्या खुर्चीत बसला. मी काही बोलले नाही. घरात दुसरी धड खुर्चीच नाही, बसणार कुठं बिचारा!

५ ऑगस्ट, रविवार

फादर लॅहिफनी आज वेदीवरून सांगून टाकलं. सर्व संतांच्या दिवसापासून, म्हणजे एक नोव्हेंबरपासून, तळ्याकाठचं जुनं चर्च बंद. चौरस्त्यावरचं नवं उघडणार. आणि सरकारी बोर्डाचा हुकूम आलाय — जुन्या मातीत यापुढं कुणालाही पुरायचं नाही. तळ्याचं पाणी बिघडतं म्हणे. फाटकाला कुलूप! पुरायचं ते नव्या चर्चमागं, नव्या मातीत.

बाहेर आल्यावर जो तो नव्या घंटेबद्दल बोलत होता. किती वजनाची, कुठून आणली. मी मात्र भिंतीला धरून उभी. माझा मर्टी!

लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. इथं सगळ्यात शेवटी ज्याला पुरतात तो फाटकापाशी राखण करतो. पुढचं प्रेत फाटकातून आत येईपर्यंत. ते आलं की हा सुटला, वर जायला मोकळा. मग राखण नव्याची. म्हणून तर एका दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या की खांदेकरी धावत सुटतात. मी दहा वर्षांची असताना पाहिलंय — दोन शवपेट्या, तळ्याच्या दोन बाजूंनी, आणि खाली माणसं धापा टाकताहेत! मागं राहिलेल्या पेटीतल्याची बायको वाटेतच बसून रडली होती.

मर्टीला मार्चमध्ये ठेवला. त्यानंतर गावात कुणी मेलंच नाही. पाच महिने! असं निरोगी साल माझ्या जन्मात पाहिलं नाही. आता नोव्हेंबरपर्यंत कुणी गेलं नाही, तर मर्टी कायमचा फाटकात. जो माणूस जन्मात दोन मिनिटं एका जागी उभा राहिला नाही तो! आणि मी मेले की मला नेणार नव्या मातीत. दीड मैल लांब. राखण सोडून तो माझ्याकडे यायचा कसा?

नवरा गेला त्याचं दुःख एक. पण गेला तो पोचलाच नाही, दारातच अडकला — हे दुःख कुणाला सांगू?

६ ऑगस्ट

सकाळपासून गावातल्या म्हाताऱ्यांची नावं मनात येताहेत. एकामागून एक, वयाप्रमाणं. देवा, मला क्षमा कर.

९ ऑगस्ट

बॅगनलसाहेबांना चहा नेऊन दिला. तळ्याकडच्या उतारावर छत्री रोवून बसलेत. कापड सगळं तपकिरी.

"चर्च कुठंय?" मी विचारलं.

"येईल. आधी आभाळ."

तिन्हीसांजेपर्यंत आभाळच. आभाळाचं काय एवढं? इथं ते दर घटकेला बदलतं, कुठलं काढलं तरी कधी ना कधी खरं ठरेल. मग पाहते तर काय, डोंगर उचलून चर्चच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवलाय!

"साहेब, डोंगर तिकडे नाही."

"चित्रात तिथं हवाय."

"शंभर पिढ्या तो इकडे आहे. उद्या बिशप आला तर त्यालाही म्हणाल, जरा सरकून घ्या?"

म्हणाले, "बिशप चित्रात शोभत नसेल तर म्हणेन." हसले मी. मार्चनंतर पहिल्यांदा असेल.

१५ ऑगस्ट

मरियामातेचा सण. प्रार्थनेनंतर सगळे भिंतीवर बसले होते. विषय एकच, मर्टीला सोडवायला कोण जाणार! हसत होते, पण नजर एकमेकांवर. कारण ऑक्टोबरच्या शेवटी जो कोण जाईल तो मर्टीला सोडवेल खरा, पण स्वतः कायमचा अडकेल. आणि त्यानंतर मेला तर नव्या मातीत पहिला नंबर — शेजारी ना आई, ना बाप, ना भांडायला कुणी. तेही नको. तेव्हा अख्ख्या गावानं मरायचंच नाही असं ठरवलेलं दिसतंय. खोकला आला तरी माणसं तोंडावर हात घेतात.

कुणीतरी म्हणालं, "सेनान, तू सगळ्यांत मोठा. चौऱ्याऐंशी झाली. जा की, सोडव मर्टीला!"

सेनान कॉन्सिडीन काठीवर हनुवटी टेकून बसला होता. म्हणाला, "त्याच्यासाठी? त्याच्यासाठी मी नखसुद्धा कापून देणार नाही."

माझ्यासमोर! मी ऐकतेय हे बघून!

बावीस वर्षांचा अबोला आहे त्यांचा. सेनानची मुलगी ऑनी, तिच्या लग्नाला सेनान नवा काळा कोट घालून होडीतून निघाला, आणि उतरताना तळ्यात पडला. अख्खं वऱ्हाड काठावर. मर्टी हसला. हसला म्हणजे काय, खाली बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बस. तिथून पुढं एक शब्द नाही. त्याआधी दोघं एका ताटात जेवायचे. मी मर्टीला किती सांगितलं, जा, चुकलं म्हण. म्हणाला, "म्हणायला जाईन, आणि तोंड बघून पुन्हा हसू फुटेल, मग?"

मीही सेनानशी बोलले नाही बावीस वर्षं. नवऱ्याचं भांडण बायकोला पुरतं.

२० ऑगस्ट

आज स्वतःची लाज वाटली. पलीकडच्या आळीतली पेग म्हातारी तापानं पडलीय कळलं, तर मी कोंबडीचं सूप घेऊन धावले. तिच्या उशाशी बसले. आणि माझ्या लक्षात आलं की मी तिचा श्वास ऐकतेय. वर... खाली... थांबला का? नाही.

पेगनं एक डोळा उघडला. "सबिना, सूप घेऊन आलीस की माप घ्यायला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं! पाय धरले तिचे. म्हणाली, "उगी. माझा नवरा असा अडकला असता तर मीही आलेच असते तुझ्याकडे. पण सूप तरी चांगलं करून आणायचं, मीठच नाही त्यात."

२३ ऑगस्ट

पेग उठली. शेळ्या हाकताना दिसली. देवाचे आभार मानले. अर्ध्या मनानं.

२९ ऑगस्ट

राग अजून गेलेला नाही. तरी लिहिते.

संध्याकाळी बॅगनलसाहेबांनी हाक मारली. "बाई, या जरा. तुमच्यासाठी एक गंमत आहे." गेले. चित्र आता जवळजवळ भरलंय. करड्या भिंती, छपरावरचं शेवाळ, मागं तळं. पाऊस नुकताच पुढं सरकलाय असं आभाळ — ते मात्र खरंच साधलंय हं, मान्य करायला हवं. पुढं कबरी, दगडी कुंपण, फाटक.

आणि फाटकाला टेकून मर्टी.

अंगठ्याएवढा. चेहरा म्हणजे नुसता ठिपका. पण तोच! तपकिरी जाड कोट, टोपी मागं ढकललेली, डावा खांदा खांबाला लावून उभा. माझा माणूस मी पाठीवरूनही ओळखते.

"कोट खुंटीवर होता, तो बघून काढला," साहेब म्हणाले. "कसा उभा राहायचा ते गावात विचारलं. म्हटलं, बाईंना आवडेल."

आवडेल!

मी काय काय बोलले आठवत नाही. हे आठवतं — "तुम्ही त्याला खिळे ठोकलेत! मी इथं लोकांचे श्वास मोजतेय त्याला सोडवायला, आणि तुम्ही पक्क्या रंगात उभा केलात? बोर्डाचा हुकूम तरी उद्या फिरेल. तुमचा रंग फिरणार आहे का?"

साहेब पांढरेफटक. त्यांना राखणीचं ठाऊकच नव्हतं. त्यांना कोण सांगणार? ते पडले दुसऱ्या पंथाचे, त्यांच्याकडचे मेलेले गुपचूप झोपतात. सगळं सांगितलं त्यांना. ऐकून घेतलं. हसले नाहीत. हसले असते तर पेटी तळ्यात गेली असती.

३० ऑगस्ट

सकाळी म्हणाले, "काढायचा तर आजच. रंग ओला आहे तोवर निघेल." बोथट सुरी घेतली हातात. "तुम्ही बघू नका."

मी बघितलं. फडकं मीच धरलं.

आधी टोपी गेली. मग कोट. मग तो टेकलेला खांदा. हळूच खरवडत होते, जखमेवरची पट्टी सोडवावी तसं. शेवटी फाटकाशी एक भुरका डाग राहिला आणि माझ्या हातात फडक्यावर तपकिरी चिखल.

काल दिसला तर भांडले. आज गेला तर रडले! मार्चमध्येही इतकी रडले नव्हते. तेव्हा आलेल्या-गेलेल्यांचा चहा बघायचा होता. साहेब तोंड फिरवून आपले ब्रश धूत राहिले. धुतलेलेच पुन्हा धूत होते. चांगला माणूस आहे.

२ सप्टेंबर, रविवार

आता नवीन संकट. साहेब म्हणतात, फाटक मोकळं ठेवलं तर चित्र तिथं खचतं. कुणीतरी माणूस हवाच. गावात विचारून आले. कोण उभं राहणार? त्या फाटकात? चित्रात का होईना! एकाची गाय व्यायलीय, एकाची कंबर धरलीय. पेग म्हणाली, "माझं चित्र काढायचं तर फाटकापासून पन्नास पावलं लांब काढा, आणि पळताना."

फादर लॅहिफना विचारलं तर ते चिडले. ही असली अंधश्रद्धा म्हणे, ख्रिस्ती माणसांना शोभत नाही. मग स्वतः उभे राहा की! तर म्हणाले, वेळ नाही.

७ सप्टेंबर

हे मी काय पाहिलं!

दुपारी चहा घेऊन गेले तर फाटकाशी सेनान कॉन्सिडीन उभा. काळा कोट घालून. तोच कोट, तळ्यातला! आता अंगात सैल झालाय, बाह्या बोटांवर येतात. एका हातात काठी, दुसरा खांबावर.

"काढा माझं," त्यानं साहेबांना सांगितलंय म्हणे. "माझी काही गाय-बीय व्यायली नाही."

मी चहा खाली ठेवला आणि परतले. मुद्दाम आलाय. चित्रातला मर्टी जिथून पुसला तिथं आपण उभं राहून दाखवायचं! मेल्या माणसावरसुद्धा कुरघोडी.

१० सप्टेंबर

रोज येतो. तासभर उभा राहतो. साहेब त्याला बसायला दगड देतात, तर म्हणतो, "बसलेला राखणदार कुठं पाहिलात?"

आजपासून त्यालाही चहा नेते. बोलत नाही. चहा द्यायला बोलावं लागत नाही.

१२ सप्टेंबर

आज बोललो! बावीस वर्षांनी.

साहेब पाणी आणायला तळ्याकडे गेले होते. मी कप पुढं केला. सेनान म्हणाला, "साखर घालायला विसरलीस. मर्टीच्या घरात सगळेच विसराळू."

मी म्हटलं, "मर्टीचं नाव घ्यायचं तर टोपी काढून घे."

काढली! डोकं तुळतुळीत. मग खांबाकडे वळला. आणि म्हणाला, "सबिना, तू त्याला सोडवायला निघालीस. मला विचारलंस?"

"तुला? तुझा काय संबंध?"

"मी इथं रोज येतो. मार्चपासून. गाई बाहेर काढायच्या आधी, उजाडताना. तुझी चूल पेटायच्या आत येऊन जातो." काठीनं जमीन टोकरत होता. "आधी आलो तो शिव्या द्यायला. म्हटलं, आता सापडलास! आता कुठं जाशील? जागा सोडता येत नाही तुला. ऐक आता गुमान! बावीस वर्षांचं साठलेलं ओतलं. पंधरा दिवस पुरलं ते. मग शिव्या संपल्या. मग म्हटलं, आलोच आहे तर ऑनीच्या पोरांचं सांगावं. मग गाईचं. मग पावसाचं."

मी खांबाला हात लावून पाहिला.

"तो सुटला की वर जाणार," सेनान म्हणाला. "वर गेला की मला कसा सापडायचा? इथं आहे तोवर माहीत तरी आहे, कुठं आहे ते. म्हणून म्हणतो, कुणाला मरायची घाई करू नकोस. माझं बोलून झालेलं नाही."

आणि मी सहा महिने फाटकावरून डोळे मिटून जात होते! मर्टी तिथं उभा आहे हे ठाऊक असून. बघवत नाही म्हणून. एकदासुद्धा थांबले नाही मी. एकदासुद्धा!

१३ सप्टेंबर

सकाळी गेले. सेनान जाईपर्यंत वळणावर थांबले, मग गेले. काय बोलायचं सुचेना. चाळीस वर्षं संसार केला त्या माणसाशी, आणि गप्प उभी राहिले, नव्या नवरीसारखी.

शेवटी म्हटलं, "छप्पर गळतंय. उत्तरेच्या बाजूनं. तू करतो करतो म्हणालास आणि केलं नाहीस."

मग सुरू झाले, ती थांबलेच नाही.

१९ सप्टेंबर

रोज जाते. सेनानची वेळ आधीची, माझी नंतरची. वाटेत भेटतो. तो टोपीला हात लावतो. "आज ऐकण्याच्या मनःस्थितीत आहे," म्हणतो, किंवा "आज जपून, मी चिडवून ठेवलाय."

मर्टीला सांगितलं, मी मेले की चौरस्त्यावर असेन, नव्या मातीत. दीड मैल आहे. सुटलास तर येत जा.

त्याला सुटलेला बघायचाय मला. आणि जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही वाटतं. एका मनात दोन बायका नांदताहेत आणि दोघींचं पटत नाही.

३० सप्टेंबर, रविवार

चित्र झालं!

साहेबांनी आमच्या ओट्यावर उजेडात लावलं. अर्धा गाव आला बघायला. डोंगर नव्या जागी. पेग म्हणाली, "शोभतोय तिथं. देवालाच सुचलं नाही." चर्चचं दार अर्धवट उघडं, आत जराशी मेणबत्ती. मी लग्नाला त्याच दारातून गेले. माझी तीन लेकरं बाप्तिस्म्याला त्याच दारातून नेली, आज तिन्ही समुद्रापार, अमेरिकेत. हे छप्पर उतरलं तरी इथं राहील. पोरांना कधी दाखवता आलं असतं तर!

आणि फाटकाशी सेनान. काळा कोट, टोपी हातात, वाकलेला. पण समोर बघत नाही. मान डावीकडे वळवलीय, हात असा किंचित वर, बोलता बोलता उचललेला. कुणाशी बोलतोय? तिथं कुणीच नाही. नुसता खांब.

"साहेब, हा असा कसा काढलात?"

"तो असाच उभा राहायचा," साहेब म्हणाले. "मी पंचवीसदा सांगितलं, माझ्याकडे बघा. पाच मिनिटांत मान पुन्हा तिकडे."

सेनाननं चित्र जवळून पाहिलं, मग लांबून. म्हणाला, "कोट चांगला आलाय." आणि नाक शिंकरायला अंगणात उतरला.

मी म्हटलं, "डब्लिनचे लोक विचारतील, म्हातारा कुणाशी बोलतोय म्हणून."

"काय सांगू?"

"सांगा, ज्याच्याशी बोलत नव्हता त्याच्याशी."

४ ऑक्टोबर

साहेब गेले. चित्र कापडात गुंडाळून, वर गवत बांधून, गाडीत लहान पोरासारखं मांडीवर घेऊन बसले. मी वाटेसाठी भाकरी, लोणी आणि सहा उकडलेली अंडी दिली. म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं चित्राशी कुणी भांडलं नाही आजवर." मी म्हटलं, भांडायला माणूस जवळचा लागतो.

घर रिकामं वाटतंय. साहेब उगाच शिट्टी वाजवायचे, सूर नसलेली. तीसुद्धा आठवते.

२१ ऑक्टोबर, रविवार

दहा दिवस उरले. गाव ठणठणीत.

फादर लॅहिफ सगळ्यांची तब्येत विचारत फिरताहेत, जरा जास्तच मायेनं. नव्या मातीला बिशप येऊन आशीर्वाद देऊन गेला, आणि तिथं गवताशिवाय काही नाही. त्यांना पहिला हवाय. मला शेवटचा हवा होता. काय जोडी आमची!

"होता" असं लिहिलं मी. हवा आहे की होता? ठाऊक नाही. आज फाटकाशी मर्टीला म्हटलं, एकतीस तारखेपर्यंत कुणी आलं तर ठीक. नाही आलं तर मी कुलपाबाहेरून बोलेन. आवाज माझा मोठा आहे, तूच म्हणायचास.

२६ ऑक्टोबर

सेनान दोन दिवस दिसला नाही. वाटेत थांबले, मग त्याच्या घरी गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दारात. चुलीपाशी खुर्चीत, अंगावर दोन घोंगड्या. छातीत घरघर. ऑनी म्हणाली, "सबिनामावशी, बाबा ऐकत नाहीत. फाटकाकडे न्या म्हणतात."

सेनान मला म्हणाला, "सूप आणलंस?"

नव्हतं आणलं. मुद्दाम नव्हतं आणलं! कशी आणू? तो हसला, आणि हसता हसता खोकला लागला. म्हणाला, "मर्टीला सांग, आज येणं जमत नाही. वाट बघू नको म्हणावं."

सांगितलं जाऊन.

२९ ऑक्टोबर

सेनान गेला. सकाळी, खुर्चीतच. ऑनीनं चहा पुढं केला आणि त्यानं घेतला नाही.

दुपारी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. बसली, उठली, पुन्हा बसली. म्हणाली, "मावशी, परवा माती. परवाच शेवटचा दिवस. फादर म्हणतात नव्यात न्या, पहिला मान, मोठा क्रूस, घंटा वाजवू. पण जुन्यात न्यायलाही अजून मुभा आहे. कुठं नेऊ? तू सांग. तू म्हणशील तिथं नेईन."

मी का? ती म्हणाली, "तूच सांग."

सगळा उन्हाळा मी हेच मागितलं होतं देवाकडे. आता दारात आणून ठेवलं, माझ्याच तोंडातून वदवायला! एक शब्द बोलायचा होता. जुन्यात. मर्टी सुटला असता, नव्या मातीत माझ्याकडे येऊ शकला असता. आणि तिथं सेनान राहिला असता, कुलपाआड, एकटा. कायमचा. बोलायलाही कुणी नाही. ज्यानं रोज उजाडताना माझ्या माणसाला सोबत केली, तो.

चहा उतू गेला तरी माझ्या लक्षात आलं नाही.

म्हटलं, "नव्यात ने, ऑनी. तिथं तू जवळ असशील. तुझी पोरं जातील-येतील."

"नक्की, मावशी?"

"नक्की."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गालाचा मुका घेऊन गेली. ती गेल्यावर फाटकाशी गेले आणि मर्टीला सगळं सांगितलं. माफ कर म्हटलं. वारा होता खूप. तो रागावलाय असं वाटलं नाही.

३१ ऑक्टोबर

चौरस्त्यावर फादर लॅहिफ पवित्र पाणी घेऊन नव्या फाटकात उभे, घंटा सुरू — आणि खांदेकरी सेनानला घेऊन वळले तळ्याच्या रस्त्याला! मला वाटलं वाट चुकले. ओरडणार होते. ऑनीनं मागं येऊन माझा हात धरला. म्हणाली, "मावशी, बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सबिनाला विचार, म्हणाले. ती जुन्यात ने म्हणाली तर मला नव्यात पूर, तिच्या नवऱ्याची चाकरी करायला मी बांधलेला नाही. नव्यात ने म्हणाली तर मात्र जुन्यात ने. आणि मग तिला सांग, मी मर्टीच्या बदलीवर जात नाहीये; सुटल्यावर जायचं की थांबायचं ते त्याचं तो बघेल. सोबतीला जातोय."